रुतलेली फोर बाय फोर काढायची कशी: फावडं आधी, दोर नंतर

ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. चाकं फिरताहेत पण गाडी सरकत नाही, हे कळलं त्याच क्षणी. गाडी आपणहून रुतते ती चार बोटं. पुढची वीतभर आपण रेटून रेटून रुतवतो. चार बोटं रुतलेली गाडी पंधरा-वीस मिनिटांत बाहेर येते. तीच पोटावर बसली, म्हणजे चाकं खड्ड्यात आणि खालच्या भागाचं सगळं वजन जमिनीवर, की अर्धा दिवस गेला म्हणून समजा.

पुढच्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा लावला आहे: फुकटचे आणि बिनधोक उपाय आधी, महागडे आणि जिवावर बेतणारे शेवटी. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी उलटं चालतं. गाडी अडकली की एक जण डिकीतून दोर काढतो, दुसरा आपली गाडी समोर आणून लावतो आणि फावडं कुणाला आठवतच नाही.

फावड्याची किंमत कळावी म्हणून एक ढोबळ हिशोब सांगतो. लष्करी वाहनं चिखलातून काढणारे तो वापरतात. चाकांइतकी खोल रुतलेली गाडी ओढायला साधारण गाडीच्या वजनाइतकं बळ लागतं, आणि मडगार्डपर्यंत रुतलेलीला वजनाच्या दुप्पट. म्हणजे अडीच टनांची गाडी मडगार्डपर्यंत गेली असेल तर पाच टनांचं ओढकाम. त्यात चढ असेल तर दर अंशामागे वजनाचा साठावा हिस्सा आणखी धरायचा: १५ अंशांच्या चढावर सुमारे सव्वासहाशे किलो. आता अर्धा तास खणून त्या पाच टनांचे अडीच टन करता येत असतील, तर तेवढ्याच प्रमाणात दोर, शॅकल (दोर गाडीला अडकवायची पिनवाली कडी), हुक आणि आजूबाजूची माणसं यांच्यावरचा धोका कमी झाला. ताकद वाढवण्याआधी अडथळा कमी करायचा, एवढं एक सूत्र धरलं की पुढचं सगळं त्यातून निघतं.

## उतरा आणि बघा

हँडब्रेक ओढा, उतरा, गाडीभोवती एक फेरी मारा. मग गुडघे टेकून खाली बघा. कपडे मळतील, मळू द्या.

फिरलेलं चाक ओळखू येतं. त्याच्या नक्षीत चिखल ठासून भरलेला असतो, टायर बाहेरून गुळगुळीत दिसतो आणि मागच्या बाजूला उडालेल्या मातीचा ढीग असतो. न फिरलेल्या चाकाभोवतीची जमीन मात्र जशीच्या तशी असते, नक्षीचा ठसासुद्धा स्वच्छ उमटलेला. पुढचं एक आणि मागचं एक चाक फिरलेलं दिसलं तर अडचण वेगळी आहे. चारही फिरली असतील तर वेगळी. पहिली कर्णरेषेत अडकण्याची, दुसरी मऊ जमिनीची.

मग पोट बघा. डिफरन्शियलचा गोळा (दोन चाकांच्या मध्ये असलेला, इंजिनाची ताकद त्यांना वाटून देणारा), क्रॉसमेंबर म्हणजे चासीची आडवी पट्टी, इंधनाची टाकी, साईड स्टेप यांपैकी काय टेकलंय? एका बाजूने खाली बघताना दुसऱ्या बाजूचा उजेड दिसत असेल तर अजून बरं आहे. एखादी काठी घेऊन चाकाच्या पुढे-मागे खुपसा. वरचा चिखल वीतभर आणि खाली कडक जमीन असेल तर थोडं खणून काम भागेल. काठी कोपरापर्यंत जात असेल तर पुढे जायचा विचार सोडून द्या.

आणखी दोन गोष्टी इथेच उरकायच्या. गाडी वाळलेल्या गवतावर बसली असेल तर इंजिन बंद करा, कारण तापलेल्या एक्झॉस्टने गवत पेटू शकतं. बर्फात असाल तर सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे ना ते तपासा. ते बुजलेलं असताना इंजिन चालू ठेवून आत बसणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडशी खेळ. पाणी वाढत असेल, भरती येत असेल किंवा गाडी उताराकडे कलंडत असेल, तर आधी माणसं बाहेर. गाडीचं नंतर बघू.

## चार चाकांची ताकद दोनच चाकांत का संपते

हे समजून घेतलं तर निम्मी धडपड वाचते. साधा, म्हणजे लॉक नसलेला डिफरन्शियल दोन्ही बाजूंच्या चाकांना सारखंच पिळबळ (टॉर्क) देतो. एक चाक हवेत असेल तर ते फिरवायला जवळजवळ काहीच बळ लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढंच, म्हणजे जवळजवळ शून्य मिळतं. फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाचे गिअर) टाकलं तरी पुढचा आणि मागचा ॲक्सल, म्हणजे चाकांच्या जोडीचा आस, एकमेकांशी जोडला जातो एवढंच. प्रत्येक ॲक्सलवरचा डिफरन्शियल उघडाच राहतो. म्हणून पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत फिरत राहतात आणि गाडी हलत नाही.

तेव्हा खणायच्या आधी गाडीत जे आहे ते नीट वापरलंय का, ते बघा. फोर-लो (चारही चाकांना ताकद, वेग कमी पण जोर जास्त) टाकलंय? बहुतेक गाड्यांत त्यासाठी पूर्ण थांबून न्यूट्रल करावं लागतं. डिफ लॉक म्हणजे डिफरन्शियलच्या दोन्ही बाजू एकत्र फिरायला लावणारी कळ. पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मधला लॉक असेल तर तो लावा. मागचा असेल तर तोही, पण चाकं फिरत नसताना. फिरत्या चाकावर लॉक मारला तर दातांवर घाव बसतो. पुढचा लॉक असेल तर सरळ रेषेतच वापरा, स्टिअरिंग जड होतं आणि ॲक्सलवर ताण येतो. वाळूत आणि चिखलात ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बंद करा. चाक घसरलं की इंजिनाची ताकद कापणं हे त्याचं काम, आणि इथे नेमकं तेच नको असतं. बऱ्याच गाड्यांत फोर-लो लावलं की ते आपोआप बंद होतं. आपल्या गाडीत होतं का ते मॅन्युअलमध्ये घरी बसून वाचून ठेवलेलं बरं.

ब्रेक लावून घसरणारं चाक थांबवणारी ट्रॅक्शन यंत्रणा मात्र चालू ठेवा. तिची एक खोड आहे: ती काम सुरू करायला सेकंद-दोन सेकंद घेते, आणि तेवढ्यात घाबरून लोक पाय काढतात. खडकाळ, कडक जमिनीवर कर्णरेषेत अडकला असाल तर ॲक्सिलरेटर हलकासा पण स्थिर धरा. ब्रेकचा खरखर आवाज येईल आणि टेकलेल्या चाकाला बळ मिळेल. सुरुवातीला सांगितलेल्या "पाय काढा" नियमाला हा एवढाच अपवाद, आणि तो मऊ जमिनीवर लागू नाही. यंत्रणाच नसेल तर हवेतल्या चाकाखाली दगड रचा. तेवढ्याने अनेकदा निघते.

## आल्या वाटेने मागे

ज्या वाटेने आलात ती जमीन तुमच्या गाडीने दाबून ठेवली आहे आणि तिने गाडी पेलली, हेही सिद्ध झालं आहे. पुढे काय आहे ते माहीत नाही. म्हणून पहिला प्रयत्न रिव्हर्सचा. फोर-लो, स्टिअरिंग अगदी सरळ, क्लच अलगद. वळलेली पुढची चाकं मातीत आडवी उभी राहून ब्रेकचं काम करतात. चाकं खरंच सरळ आहेत का ते खिडकीतून डोकं काढून बघा, स्टिअरिंगवर विसंबू नका.

गाडी किंचित हलत असेल तर मागे-पुढे झुलवता येते: थोडं मागे, थांबायच्या आत थोडं पुढे, पुन्हा मागे. चाकं घसरायला लागली की थांबायचं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला हा प्रकार फार वेळ सोसत नाही, तेल तापतं. दोन-चार झोक्यांत फरक पडला नाही तर पुढची पायरी.

## हवा सोडा

मला विचाराल तर हा सगळ्यात दुर्लक्षित उपाय. रस्त्यावर टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. ती कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, रुंदीपेक्षा लांबीत जास्त, आणि तेच वजन मोठ्या जागेवर विभागलं जातं. वाळूत १५ ते १८, चिखलात १८ ते २२ हे चांगले आकडे आहेत. अगदीच अडलं तर वाळूत १२ पर्यंत जाता येतं, पण मग बाहेर निघेपर्यंत चालण्याच्या वेगाने आणि सरळ. एवढ्या कमी हवेवर झटक्यात वळलात तर टायर रिमवरून निसटतो.

चारही टायर सारखे करा, प्रेशर गेजने मोजून. वाळूत अनेकदा नुसती हवा सोडून, चाकांमागची वाळू हाताने बाजूला केली की गाडी रिव्हर्समध्ये निघते. दोर, चाकाखाली घालायच्या पाट्या, काही लागत नाही. अट एकच: पुन्हा हवा भरायची सोय जवळ हवी. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर थेट बॅटरीला जोडणारा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे कॉम्प्रेसर मोठ्या टायरला फार वेळ लावतात आणि जास्त करंट खेचला तर सॉकेटचा फ्यूज उडतो.

## खणायचं कुठे

लोक चाकाच्या पुढे खड्डा करतात. खरं तर चढण मोडायची असते. रुतलेल्या चाकासमोर (किंवा रिव्हर्स जाणार असाल तर मागे) मातीची उभी भिंत तयार झालेली असते आणि चाकाला ती चढायची असते. त्या भिंतीचा लांब, सौम्य उतार करा. चाकाच्या व्यासाइतक्या लांबीचा तरी. चारही चाकांसमोर, नुसत्या अडकलेल्या चाकासमोर नाही.

मग पोटाखाली. डिफरन्शियलच्या गोळ्यासमोरची माती काढली नाही, तर बाकी सगळं करूनही तो नांगरासारखा जमिनीत घुसून गाडी धरून ठेवतो. लांब दांड्याचं फावडं इथे कामी येतं, कारण शरीर गाडीबाहेर ठेवून आत पोचता येतं. जॅकवर असलेल्या किंवा हलू शकणाऱ्या गाडीखाली डोकं, खांदे घालायचे नाहीत. काढलेली माती लांब टाका. चाकाशेजारीच ढीग घातला तर ती पुन्हा खड्ड्यात येते.

घट्ट चिखलात आणखी एक गोष्ट असते: चिखल गाडीच्या तळाला चिकटून ओढून धरतो. कडेने फावडं घालून हवा आत शिरू दिली की ती पकड सुटते. सुटताना मोठा पचकन आवाज येतो.

## पाट्या

रिकव्हरी बोर्ड, म्हणजे दात असलेल्या प्लॅस्टिकच्या पाट्या, एकट्या गाडीसाठी मी विंचच्याही (गाडीवर बसवलेलं, मोटरने दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) आधी घेईन. स्वस्त, हलक्या, आणि चुकल्या तरी सहसा कुणाचा जीव घेत नाहीत.

उतार खणून झाल्यावर पाटीचं टोक चाकाखाली जेवढं सरकेल तेवढं सरकवा, लाथ मारून पक्कं करा. टायर पाटीच्या दातांना टेकला पाहिजे. मध्ये दोन बोटांचं अंतर राहिलं तर चाक तिथेच फिरून पाटी मागे फेकून देईल. दोनच पाट्या असतील तर सगळ्यात जास्त घसरलेल्या ॲक्सलखाली घाला. मागे-पुढे कुणी उभं राहू नये. मग फोर-लो, पहिला किंवा दुसरा गिअर, अगदी हळू. चाक पाटीवर फिरायला लागलं की घर्षणाने दात वितळतात, आणि वितळलेले दात म्हणजे घसरगुंडी.

गाडी चढली की थांबू नका. पाट्या मागे राहू द्या, कडक जमिनीवर जाऊन थांबा आणि चालत येऊन त्या घ्या. प्रत्येक पाटीला मीटरभर भडक रंगाची दोरी बांधून ठेवा. चिखलात आणि वाळूत पाटी पूर्ण गाडली जाते आणि दोरीचं टोक तेवढं वर दिसतं.

पाट्या नसतील तर सपाट दगड, फांद्या, पायाखालच्या मॅट. मॅट उलट्या घाला, रबरी बाजू टायरकडे. पुन्हा वापरता येतील अशी आशा ठेवू नका.

## जॅक

गाडी खरोखर पोटावर बसली असेल तर ती उचलून चाकांखाली भराव घालणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. मऊ जमिनीवर जॅक स्वतःच रुतत जातो, म्हणून त्याच्याखाली रुंद फळी लागते. ती घरून न्यायची वस्तू आहे, जंगलात सापडत नाही. विरुद्ध बाजूच्या चाकांना दगड लावा, एका वेळी एक चाक उचला, खाली दगड-माती-फांद्या ठासून भरा, खाली सोडा, पुढचं चाक.

लांब दांड्याचा हाय-लिफ्ट जॅक उंच उचलतो पण तो स्वभावाने दगाबाज आहे. गाडी उंच गेली की तो कुठल्याही बाजूला कलंडू शकतो. भार असताना दांडा सुटला तर हनुवटीवर बसतो. उचलताना आणि उतरवताना डोकं दांड्याच्या वाटेतून बाहेर ठेवा आणि काम थांबवताना दांडा खांबाला टेकवून उभा ठेवा. नव्या गाड्यांचे प्लॅस्टिकचे बंपर त्याला धरायला जागाच देत नाहीत. तिथे बाटली जॅक किंवा एक्झॉस्टने फुगणारी हवेची पिशवी बरी.

## दुसऱ्या गाडीने ओढायचं तर

इथून पुढे माणसं जखमी होऊ शकतात, म्हणून घाई बंद.

पहिला प्रश्न: दोर कुठे अडकवायचा? चासीला बोल्टने पक्का केलेला, क्षमता ठरवून दिलेला रिकव्हरी पॉइंटच. ट्रकवर गाडी बांधण्यासाठी कारखान्याने दिलेले पातळ हुक त्या कामाचे नसतात. बंपरमधलं छोटं झाकण काढून आत पिळायचा टोइंग हुक सपाट रस्त्यावर बंद पडलेली गाडी न्यायला असतो, रुतलेली उपटायला नाही. आणि टो बॉलला (ट्रेलर जोडायचा मागचा लोखंडी गोळा) दोर कधीही, कुठल्याही परिस्थितीत अडकवू नका. झटक्याखाली तो तुटला की ताणलेला दोर त्याला गोफणीतल्या दगडासारखा समोरच्या गाडीच्या काचेतून आत फेकतो. यात माणसं मेली आहेत. मागे टो बारची चौकोनी नळी असेल तर बॉल काढून त्यात बसणारा रिकव्हरी ब्लॉक वापरा.

दुसरा प्रश्न: दोर कोणता? साधा टोइंग पट्टा ताणत नाही. त्याने हळूहळू ओढायचं, झटका द्यायचा नाही. साखळीचंही तेच. झटक्यासाठी वेगळा नायलॉनचा स्नॅच पट्टा असतो, तो साधारण २० टक्के ताणतो. कायनेटिक दोर ३० टक्क्यांपर्यंत. ओढणाऱ्या गाडीची गती ताणात साठते आणि अडकलेल्या गाडीला सावकाश मिळते. पट्ट्याची तुटण्याची क्षमता दोन गाड्यांतल्या हलक्या गाडीच्या पूर्ण भारित वजनाच्या दोन ते तीन पट हवी. कमी असेल तर तुटेल. फार जास्त असेल तर ताणणारच नाही आणि सगळा झटका हुकांवर येईल. ओला नायलॉन अशक्त होतो, हेही ध्यानात असू द्या. ऑस्ट्रेलियात अशा पट्ट्यांवर धोक्याचे इशारे छापणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते समजावं.

दोन पट्टे जोडायचे असतील तर मध्ये शॅकल घालायचा नाही. पट्टा तुटला तर तो शॅकल लोखंडाचा गोळा होऊन उडतो. एकाची कडी दुसऱ्याच्या कडीतून ओवा आणि मध्ये गुंडाळलेलं मासिक किंवा जाड कापड ठेवा, म्हणजे नंतर गाठ सुटते. शॅकल गाडीकडेच, तोही भारक्षमता कोरलेला (४.७५ टनांचा साधारण चालतो), पिन पूर्ण आवळून मग पाव आटा सैल करून, नाहीतर ताणानंतर ती हाताने उघडत नाही. दोरखंडाचे मऊ शॅकल मिळत असतील तर तेच घ्या. हलके असतात, आणि तुटले तरी लोखंड उडत नाही.

आता ओढणं. रुतलेल्या गाडीची चाकं आधी खणून मोकळी करा. इथेही फावडं सुटत नाही. दोन्ही गाड्या शक्य तितक्या एका रेषेत. पट्टा नागमोडी टाकून दोन-तीन मीटर ढील ठेवा. त्यावर मधोमध ओलं पोतं किंवा वजनदार डॅम्पर (पट्टा तुटला तर त्याची उसळी दाबणारं ओझं) टाका. दोन्ही चालकांनी सीटबेल्ट लावलेले, बाकी प्रवासी गाडीबाहेर, आणि बघे दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, बाजूला. दोराच्या रेषेत पुढे-मागे कुणीही नाही. व्हिडिओ काढणारा नेमका तिथेच उभा असतो, त्याला हाताला धरून हलवा.

सूचना एकानेच द्यायच्या. ओढणारी गाडी फोर-लोच्या दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश, पहिल्या खेपेला ताशी पाच-सात किलोमीटरच्या पुढे नाही. पट्टा ताठ होऊ लागला की रुतलेल्या गाडीच्या चालकाने हलका गॅस द्यायचा. नाही निघाली तर पुढच्या खेपेला थोडा जास्त वेग. वेग दुप्पट केला की दोरात जाणारी ऊर्जा चौपट होते. तीन प्रयत्नांत हलली नाही तर वेग वाढवत बसू नका, पुन्हा फावडं घ्या. निघाल्यावर हॉर्न वाजवायचा, म्हणजे ओढणारा थांबेल. आणि मागच्याने लगेच ब्रेक मारून पुढच्याला झटका द्यायचा नाही.

## विंच

विंचची क्षमता गाडीच्या पूर्ण भारित वजनाच्या किमान दीडपट. अडीच टनांच्या गाडीला ९,५०० पौंडांची, म्हणजे सुमारे ४,३०० किलोंची विंच पुरते. पण तो आकडा दोर गुंडाळायच्या ड्रमवरच्या सगळ्यात आतल्या थराचा आहे. ड्रमवर दोर जितका जास्त गुंडाळलेला, तितकी ताकद कमी, दर थरामागे साधारण दहा टक्के किंवा जास्तच. म्हणून लांबचं झाड मिळालं तर जवळचं सोडा आणि दोर भरपूर बाहेर काढा. मात्र ड्रमवर काही वेढे राहिलेच पाहिजेत: पोलादी दोराचे किमान पाच, सिंथेटिकचे आठ-दहा.

झाडाला दोर थेट गुंडाळू नका, साल सोलली जाते आणि दोरही कापतो. रुंद पट्टा खोडाच्या बुंध्याशी, जमिनीलगत. झाड नसेल तर दुसरी गाडी: न्यूट्रलमध्ये, फूटब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही लावून, चाकांना दगड लावून. नुसत्या ‘पार्क’वर ठेवली तर गिअरबॉक्समधला छोटा अडसर मोडू शकतो. तेही नसेल तर स्टेपनी पुरायची. ओढण्याच्या दिशेला आडवा खोल चर, त्यात स्टेपनी उभी, मधून पट्टा, आणि पट्टा वर ओढला जाऊ नये म्हणून त्याच्यासाठी तिरका चर. हे काम घाम काढतं, पण उघड्या वाळूत एकट्या गाडीला बहुधा हाच आधार असतो.

ताकद कमी पडत असेल तर समोरच्या आधाराला बांधलेल्या पुलीतून दोर परत आणून आपल्याच गाडीला बांधा. ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा, मोटर कमी तापते. फक्त पुलीच्या त्या आधारावरचा भारही दोरातल्या ताणाच्या दुप्पट असतो. तिथला शॅकल आणि पट्टा त्या हिशोबाने घ्या.

इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी बसेल. जाड हातमोजे घाला. ताणलेला दोर ओलांडायचा नाही, हात लावायचा नाही. थोडं ओढा, थांबा, दोर नीट गुंडाळतोय का बघा, मोटर फार तापली असेल तर विश्रांती द्या. चाकं हळू फिरवून गाडीने मदत करावी, पण दोर ढिला पडून चाकाखाली जाईल इतकी नाही.

## जमीन बदलली की

चिखलात टायरची नक्षी भरून गेली की पकड संपते. स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत राहिलं तर टायरच्या कडेचे दात कधीकधी कडक भिंतीला धरतात. वाळूत उलट, नक्षीपेक्षा टायरची पसरट बैठक महत्त्वाची, आणि थांबायचं ते ब्रेक न मारता, नाहीतर चाकांपुढे ढीग तयार होतो. खडकात घाई केलीत तर काहीतरी फुटेल. तिथे जॅक, दगड रचणं आणि बाहेर उभं राहून वाट दाखवणारा एक माणूस, एवढंच.

चढावर गाडी अर्ध्यात थांबली तर वळायचं नाही. फूटब्रेक दाबून धरा, फोर-लो रिव्हर्स लावा आणि सरळ रेषेत, इंजिनाच्या ब्रेकवर खाली या. आडवी झालेली गाडी लोळण घेते. आडव्या उतारावर मागचा भाग घसरू लागला तर स्टिअरिंग उताराच्या दिशेला फिरवा, चढाच्या नाही.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चालू करून बघायचा मोह आवरा. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून बघा. तो ओला असेल तर स्टार्टरला हात लावू नका.

## निघाल्यावर

कडक रस्त्यावर चढायच्या आधी डिफ लॉक काढा, पार्ट-टाइम गाडी (जिची चारही चाकं हवी तेव्हाच जोडतात) टू-व्हीलमध्ये आणा. कोरड्या डांबरावर जोडलेले ॲक्सल वळताना एकमेकांविरुद्ध पीळ घेतात. हवा भरा. कमी हवेवर वेगात गेलात तर टायरच्या भिंती तापून फुटतात. रिमच्या आतला चिखल काढा, नाहीतर वेग घेतल्यावर स्टिअरिंग थरथरतं आणि अलाइनमेंट बिघडली असं वाटत राहतं. ब्रेक ओले आणि मातकट असतील, दोन-चार वेळा हलके दाबून सुकवा. ब्रेकचे पाइप, डिफरन्शियलच्या तळाशी तेलाची गळती, रेडिएटरच्या जाळीतला गाळ, चाकांचे नट हेही एकदा बघून घ्या. पाण्यातून आला असाल तर डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचं तेल तपासा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय.

पट्टे घरी जाऊन साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. वाळूचे कण धाग्यांत राहिले तर आतून कापत राहतात, आणि ऊन नायलॉनला खातं. वाळल्यावर पूर्ण लांबी हातातून फिरवून बघा. कुठे चिरलेला, घासून वितळलेला किंवा शिवण उसवलेला दिसला तर तो पट्टा बाद. पण कचऱ्यात टाकण्याआधी त्याचे मधोमध दोन तुकडे करा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या डिकीत तो पुन्हा जाणार नाही.